आठ दिवसांचा उतार

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात बांधकाम कामगारांच्या पेट्या आल्या. पत्र्याची पेटी, तिच्यात हेल्मेट, बूट, चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट, कमरेचा पट्टा, बॅटरी, मच्छरदाणी, चटई, डबा. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला जोडला की नोंदणी होते आणि नोंदणी झाली की पेटी मिळते. ज्यांनी जन्मात विटेला हात लावला नाही अशा काही घरांतही पेट्या गेल्या. हे मी आमच्याच गावाबद्दल सांगतो, दुसऱ्याचं नाही. मच्छरदाणी त्याच रात्री बाजेवर चढली. जाकीट घालून पोरं रात्री धानाला पाणी द्यायला जातात, लांबून दिसतात, बरं आहे. हेल्मेटचं मात्र काय करावं हे कुणाला कळेना. आमच्या शेजारी त्यात कोंबडीच्या पिल्लांना कण्या देतात.

माझ्या घरचं हेल्मेट मुलाच्या नावाचं, खुंटीला टांगलेलं असतं. जाता-येता त्याच्याकडे नजर गेली की मला मामाजी आठवतात. ते माझे सख्खे मामा नव्हते, आमच्याच आळीतले. आमच्याकडे वडीलधाऱ्याला असंच नातं लावून बोलतात. १९९१ साली एका कालव्याच्या कामावर चराची दरड कोसळून ते गेले, आणि त्या कामावर हजेरीची वही माझ्याकडे होती. हेल्मेट असतं तरी मामाजी वाचले नसते. काय असतं तर वाचले असते ते मला तेव्हाही माहीत होतं. ते सांगण्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

आमच्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. हातात ना दुर्बीण ना नकाशा, पावसाचं पाणी कुठून वाहतं आणि कुठं थांबतं हे डोळ्यांनी पाहून त्यांनी पाळ घातली. पुढे तलाव मालगुजारांकडे गेले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि ते 'माजी मालगुजारी', म्हणजे बोलण्यातले 'मामा तलाव' झाले. नवेगाव बांध हा त्यातला मोठा. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला, पण आम्ही म्हातारे अजून त्याला आपलाच म्हणतो.

आजोबा सांगत, उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायची ती वीतभर थरानं. थर भिजवायचा, बैल फिरवून तुडवायचा, मग दुसरा. मृग जवळ आला की काम असेल तिथं थांबवायचं. त्या वर्षी तलाव भरू द्यायचा नाही. तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडं ठेवायचं आणि सलंगीवरून, म्हणजे सांडव्यावरून, जादा पाणी जाऊ द्यायचं. पाळ एक पावसाळा बसू द्यायची आणि पुढच्या उन्हाळ्यात वर चढवायची. मुदत तेव्हाही होतीच. पावसाइतकी कडक मुदत दुसरी कुठली? पण पाऊस अमुक तारखेला येतो म्हणून अर्ध्या मातीत पूर्ण उंची गाठा, असं कुणी म्हणत नसे. काम मुदतीच्या मापानं कापून घेत.

यावरून जुन्या काळी सगळं सुखाचं होतं असं मी म्हणत नाही. आमच्याकडे काही पाळींवर शेंदूर फासलेला दगड असतो. पाळ टिकेना म्हणून तिथं कुणाचा तरी बळी दिला, अशी गोष्ट त्याच्यामागे सांगतात. लहानपणी मला ती देवाची गोष्ट वाटायची. आता वाटतं, पाळ खचून तिथं काम करणारा माणूस गाडला गेला असेल आणि गावानं त्याला दगडाच्या रूपानं बसवलं असेल. पुरावा काही नाही. पण बिनपुराव्याचा का होईना, दगड तरी आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी आली. कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. मी तेव्हा दहावी होऊन घरी बसलो होतो. वडील वारले होते आणि चार एकर धानात पाच माणसांचं भागत नव्हतं. तलावातला गाळ काढायच्या कामावर मी आणि मोठी बहीण जायचो. मजुरी मापावर. खड्ड्याच्या मधे मातीचा खुंट सोडायचा, त्यावरून साहेब खोली मोजणार आणि जेवढी माती तेवढे पैसे. ही पद्धत चोख होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिनं आम्हाला एक वाईट सवय लावली. वरून खोदत जाण्यापेक्षा काठाला खालून पोखरलं की वरचा ढेपळा आपोआप पडतो, अर्धे श्रम वाचतात, माप जास्त भरतं. सगळेच तसं करत. मीही केलं. दिवसाला दीड-दोन रुपये जास्त सुटत, त्यापायी आम्ही रोज डोक्यावर टांगलेल्या मातीखाली बसून टिकास मारत होतो. म्हणजे ठेकेदार नसला, साहेब ओरडत नसला, तरी घाई आपल्याच पोटातून येते. शहरातले वाचक विचारतील की मजूर बोलत का नाहीत. त्यातलं अर्धं उत्तर इथं आहे.

आता ९१ सालची गोष्ट. कालवा कोणता, ठेकेदार कोण, हे लिहीत नाही. एवढंच सांगतो की तो गोसेखुर्दचा नव्हता, लहान प्रकल्पाचा होता. तोवर मला हिशेब येतो हे चार जणांना माहीत झालं होतं, म्हणून ठेकेदाराच्या माणसानं मला हजेरी लिहायला ठेवलं. आमच्या गावच्या पंधरा जोड्या होत्या. जोडी म्हणजे एक खोदणारा आणि एक घमेलं वाहणारी, बहुतेक नवरा-बायको. मामाजी आणि मामी ही त्यातली एक.

कालव्याखालून नाला काढायला मोरी बांधायची होती. तिच्या पायासाठी चर खणायचा, तीस मीटर लांब आणि चार मीटर खोल. जमीन कन्हार. ज्यांना ही जमीन ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कन्हार म्हणजे काळी चिकट माती, उन्हाळ्यात वाळून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाळलेली असते तोवर काठ भिंतीसारखा सरळ उभा राहतो, पाहणाऱ्याला वाटतं याला काय होतंय. पण एक वळवाचा पाऊस झाला की पाणी भेगांमधून खाली उतरतं आणि भेगेपासूनचा अख्खा तुकडा सुटतो. कन्हारीत विहीर खणलेल्या प्रत्येक माणसाला हे माहीत असतं.

म्हणून काठाला उतार द्यायचा असतो. दीड मीटरपेक्षा खोल चराला उतार द्या नाहीतर फळ्यांचा आधार द्या, आणि खोदलेली माती काठापासून लांब टाका, असा नियमच आहे. तो मी फार पुढे वाचला. पण उताराचा हिशेब मी त्याच वेळी वहीच्या मागच्या पानावर केला होता. चार मीटर खोलीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर मागे सरायचं, तर तीस मीटर लांबीत २४० घनमीटर जादा माती निघते. आमच्या पंधरा जोड्या दिवसाला साधारण ३० घनमीटर काढत. म्हणजे आठ दिवस.

मे महिन्याचा शेवट होता. मी ठेकेदाराच्या माणसाला तो आकडा दाखवला. तो चांगला माणूस होता, मजुरांना शिवी देणारा नव्हता. त्यानं वही पाहिली आणि म्हणाला, "बाबू, पाऊस सात तारखेला येते आणि तुझा उतार होते दहा-बारा तारखेला. चर पाण्यानं भरला की काँक्रीट दिवाळीनंतर, बिल पुढच्या सालात. मालकाले मी काय सांगू?" मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला ते पटलं. मजुरांनाही थांबायचं नव्हतं. मृग लागला की ज्याला-त्याला घरी जाऊन पऱ्हे टाकायचे होते, धानाची रोपं वेळेवर झाली नाही तर रोवणी लांबते. सगळ्यांच्याच डोक्यावर सात तारीख होती.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी रात्री वळवाचा पाऊस पडला. तासभरच, पण जोरात. शनिवारी सकाळी आम्ही गेलो तर चराच्या तळाला घोटाभर पाणी होतं. पुरुष उतरून बादल्यांनी पाणी काढू लागले. मामाजी उतरायच्या आधी काठानं चालत गेले आणि मला हाक मारली. काठापासून दीड हातावर, काठाला समांतर, एक भेग दिसत होती. आणि खोदलेल्या मातीचा ढीग तिच्याच अलीकडे, बरोबर काठावर, कारण बायांना लांब न्यायला वेळ जातो म्हणून आम्ही तिथंच टाकू दिला होता.

"बाबू, हे भेग काल नोती जी."

मी म्हणालो, "मामाजी, आजचा दिवस काढून घ्या. उद्या इतवार आहे, सोमवारी पहिल्यांदा हा ढीग हटवू."

ते उतरले. माझं बोलणं ऐकून उतरले हे मी आजवर कुणापुढे लिहिलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला दरड आली. आवाज फार मोठा नव्हता, बैलबंडीतून धानाची पोती लोटावी तसा. तिघं जण त्या बाजूला होते. दोघं कमरेपर्यंत अडकले, त्यांना ओढून काढलं. मामाजी खाली वाकलेले होते. मामी काठावर घमेलं घेऊन उभी होती. फावडं मारावं तर माणसाला लागेल, म्हणून आम्ही हातांनी माती उपसली. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या वर भरते, आणि छातीवर माती बसली की तोंड मोकळं असलं तरी माणसाला श्वास आत घेता येत नाही. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. आम्हाला वाटत होतं, तोंड मोकळं केलं की झालं. तोंड मोकळं केलं तेव्हा ते गेलेले होते.

संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस घरी आला. हजेरी मी रोज सुटीच्या वेळी भरत असे, त्यामुळे शनिवारचा रकाना अजून सगळ्यांचाच रिकामा होता. तो म्हणाला, बाकीच्यांचा भर, त्यांचा राहू दे. जास्त काही बोलला नाही. मी बाकीच्यांचा भरला. मामीला गावातल्या चार जणांसमोर काही हजार रुपये दिले आणि कागदावर अंगठा घेतला. कामावर मेलेल्याच्या वारसाला भरपाई देण्याचा कायदा इंग्रजांच्या काळातला, १९२३ चा आहे, हे मला नंतर दहा-बारा वर्षांनी एका वकिलाच्या बोलण्यात कळलं. त्या भरपाईसाठी माणूस कामावर होता हे आधी दिसावं लागतं, आणि ते दिसण्याची जागा म्हणजे माझी वही. आठवड्याचा हिशेब घेताना मामीनं बोटं मोजली आणि विचारलं, "सहा दिसाचे पाच कसे?" मी तिला एक रोज माझ्या खिशातून दिला.

त्या घाईचं पुढे काय झालं तेही सांगतो. अपघातानं काम चार दिवस बंद राहिलं. मग पाऊस आला आणि चर काठोकाठ भरला. काँक्रीट त्या साली झालंच नाही. दिवाळीनंतर चर पुन्हा खणला, या वेळी उतार देऊन. आणि त्या मोरीवरच्या कालव्यात पाणी आलं २००९ साली. अठरा वर्षांनी.

आमच्या जिल्ह्यात हे नवल नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. त्याचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. तेव्हाचा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी होता, पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. ३३ दरवाजे लागले, गावं उठली, २००९ साली राष्ट्रीय प्रकल्प म्हणून मान्यता मिळाली, डाव्या कालव्याच्या निकृष्ट अस्तरीकरणाची चौकशी झाली. काम पूर्ण व्हायच्या तारखा दिल्या गेल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. कामं का लांबतात त्याची कारणं खरीही असतात: जमीन मिळत नाही, जंगलाची परवानगी येत नाही, पैसा येत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. या सगळ्या कारणांसाठी फाईलमध्ये मुदतवाढ मिळते, वर्षांच्या हिशेबानं मिळते. चराच्या उतारासाठी आठ दिवसांची मुदतवाढ कुणी मागत नाही, आणि मागितली तर हसतील.

महाराष्ट्रात पहिलं मोठं रेल्वेचं काम बोरघाटाचं. १८५६ ला सुरू होऊन १८६३ ला पूर्ण झालं. ठेकेदार ट्रेडवेल इथं येऊन थोड्याच दिवसांत आजारानं मेला आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, ठेका पुढे चालवून घेतला. बाईचं कौतुकच आहे. तिचं नाव पुस्तकांत आहे. घाट फोडताना पटकी-तापानं, सुरुंगानं, कडा कोसळून मेलेल्या मजुरांचा आकडा हजारांत सांगतात, नाव कुणाचंच सांगत नाहीत.

कोकण रेल्वेचं काम १९९० ला सुरू झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला. तिथंही मऊ मातीच्या बोगद्यांनी जीव खाल्ला, गोव्यातला पेडण्याचा बोगदा तर पुन्हा पुन्हा ढासळत होता. त्या कामात ७४ माणसं गेली. मोजून ७४, आणि रत्नागिरीला त्यांचं स्मारक आहे. स्मारकानं माणूस परत येत नाही. पण ७४ म्हणायला कुणीतरी रकाने भरलेले असावे लागतात, आणि एकदा आकडा लिहिला की पुढचा बोगदा खणताना तो कुणाच्या तरी समोर येतो. आमच्या मोरीवर मेलेल्यांचा आकडा कागदावर शून्य आहे. शून्यातून कोण काय शिकणार?

माझ्या भाच्याचा मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करून रस्त्याच्या कामावर आहे. त्यानं मला अमेरिकेतल्या गोल्डन गेट पुलाची गोष्ट सांगितली. १९३७ साली तो पूल खुला झाला. बांधताना कामगारांच्या खाली सबंध पुलाच्या लांबीची जाळी ताणली होती, आणि तिच्यात पडून १९ माणसं वाचली. एका दिवशी मोठा पाडच जाळीसकट खाली गेला आणि दहा जण गेले, तेही खरं. पण जाळी आहे म्हटल्यावर वरची माणसं न घाबरता हात चालवत होती, असं तो म्हणाला. मला ते लगेच पटलं. ज्या चराचा काठ पाहून पोटात गोळा येतो, त्यात टिकास मारणारा माणूस अर्धा वेळ वरच बघत असतो.

त्याच पोराला मी समृद्धी महामार्गाचं विचारलं होतं. १ ऑगस्ट २०२३ ला, मध्यरात्रीच्या सुमारास, शहापूर तालुक्यात सरलांब्याजवळ पुलाच्या कामावर गर्डर चढवायचं यंत्र कोसळलं आणि २० माणसं मेली. नागपूर ते शिर्डी रस्ता आधीच्या डिसेंबरात सुरू झाला होता, मुंबईकडचा शेवटचा टप्पा राहिला होता. आता तोच रस्ता नागपूरहून भंडारा-गोंदियाकडे यायचा आहे. शेतकऱ्यांचं बोलणं जमिनीच्या भावाचं चाललंय, ते बरोबरच आहे. पोरांचं बोलणं कामाचं चाललंय. आमच्या गावची दहा-बारा पोरं तरी त्या कामावर जातील. पोरगा म्हणाला, "आजोबा, आता सगळं मशीननं होते. सेफ्टीचा माणूस वेगळा असते, रोज सकाळी त्याचं भाषण असते." मी म्हटलं, भाषण करतो ते चांगलं आहे. त्यानं काम थांबवा म्हटलं तर थांबते का? पोरगा जरा वेळ विचार करून म्हणाला, "एखाद्या दिवस थांबते. कास्टिंगच्या दिवशी नाही थांबत."

मामी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. तिच्या मुलाच्या नावानं पेटी आली त्या संध्याकाळी मी सहज तिच्याकडे गेलो होतो. ती पडवीत पेटीतल्या वस्तू एक-एक काढून पाहत होती. हेल्मेट हातात घेऊन तिनं उलटसुलट केलं, बोटानं वाजवून पाहिलं.

"बाबू, तवा अशी टोपी असती तं?"

मी म्हटलं, "नाही मामी. टोपीनं काही झालं नसतं."

"मंग का पायजे होतं?"

मी तिला सांगितलं. काठ दोन्ही बाजूंनी मागे घ्यायचा, ढीग लांब टाकायचा, आठ दिवस लागले असते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आठच दिवस? काम तं तसंही बंदच पडलं होतं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. सून चहा ठेवायला आत गेली होती. मामीनं हेल्मेट पेटीत ठेवलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "तुमाले मालूम होतं का जी तवा?"

आयुष्यभर ती मला 'तू' म्हणत आली होती. मी हो म्हणालो, आणि शनिवारच्या रकान्याचंही सांगितलं. तिनं पेटीचं झाकण लावलं. सून चहा घेऊन आली तेव्हा मामी तिला म्हणाली, "बाबूले साखर कमी लागते."